सत्काराले इंग्रजी नको

हॅलो?… कोण?… काजल? कोणती काजल?… अवं माय! भगवानरावची काजल! नांदुऱ्याची मॅडम! बोल बाई, बोल…

हाव, मी बेबीमावशीच. समताच्या घरात दुसरी जाऊ कुठून येईन?… समता? घरीच हाय. मांगं अंगणात कपडे वाळू घालून राह्यली. तिचा फोन बी चालू हाय. आवाज देऊ?… नको?… मलेच लावला?…

मंग थांब, बसतो. मले कोणी मुद्दाम फोन लावला म्हणजे काम सरळ नसते.

हं, बोल… हो, हो… आयतवारचा कार्यक्रम. माहीत हाय ना. साऱ्या वडनेरले माहीत हाय. तुह्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासचं उद्घाटन, अन समताचा सत्कार. 'माझ्या पहिल्या गुरू' असं छापलं तू पत्रिकेत. आमच्या देवानंदनं ते पत्रिका फ्रिजवर चिकटवली. काही काढायचं नसलं तरी फ्रिजपाशी जाऊन उभा राह्यते. बायकोचं नाव वाचते…

अवं ऐक ना. आजवर तिले कोणी साधा नारळ नाही देल्ला. शाळेत सत्कार झाला तं रामराव सरचा. समतानं खुर्च्या मांडायच्या, सूत्रसंचालन करायचं, अन हार घालायच्या वक्ताले बाजूले सरकायचं. फोटोत तिचा नुसता पदर येते. म्हणून म्हणतो, तू बोलावलं हे लय चांगलं…

काय?… घसा? तिच्या घशाले काय झालं?… नाही वं, ठणठणीत हाय घसा. चार दिस झाले, भाषण पाठ करून राह्यली… हाव, इंग्रजीत. मंग काय मोडीत? तव्यावर भाकर टाकते अन 'रिस्पेक्टेड पॅरेंट्स' म्हणते. भाकर पलटली की 'माय डिअर स्टुडंट काजल'. ऐकून ऐकून मले बी पाठ झालं. म्हणून दाखवू?…

बरं, नाही म्हणत.

दगदग?… कायची दगदग? मास्तरीण हाय ते. अर्धी जिंदगी पोरांसमोर बोलण्यात गेली तिची… काजल, मी शाळा कमी शिकली, पण माणूस कुठून निंगून कुठं चालला ते मले समजते. घसा झाला, दगदग झाली. आता खरं सांग…

हं… हं… पालक येणार. मलकापूरचे, खामगावचे… येऊ दे ना… हं… डेमो हाय… हं…

म्हणजे गुरूनं स्टेजवर 'डेव्हलप'च्या जागी 'डेव्हलोप' म्हटलं तं चेलीच्या क्लासात पोरं येणार नाही. असंच ना?… मंग कसं म्हणतं तू?… 'इमेज'. बरं बाई. इमेज.

नाही, रागावत नाही. मी काऊन रागावू? मी फक्त याद ठेवतो. माह्या डोक्यात सारं जमाखर्चासारखं बसलेलं राह्यते… ऐक ना मंग. दिवाळीले आली होती तू, आमच्या ओट्यावर बसून होस्टेलच्या गोठी सांगत होती. बंगालची पोरगी 'व'च्या जागी 'भ' म्हणे, केरळची 'झू'ले 'सू' म्हणे, पाटण्याची 'इस्कूल' म्हणे, अन सगळ्या मिळून तुह्यावर हसत. पोट धरून सांगत होती तू. सांगत होती ना?… अन वरून काय म्हणे, की इंग्लंडात बी गावोगाव येगळं बोलतात. एक गाव ओलांडलं की बोली बदलते, आपल्या वऱ्हाडासारखीच. समता किती खुश झाली ते ऐकून. शाळेत जाऊन पोराइले सांगतलं तिनं…

मंग त्याहिचं येगळं ते 'अ‍ॅक्सेंट', अन समताचं येगळं ते 'चूक'?… नाही, तू सांग. मले समजत नाही म्हणून तं इचारून राह्यली…

'मार्केट तसं हाय.' बरं. मार्केटचं नाव घेतलं की माणसाले तोंड द्यावं लागत नाही.

अन ते व्हिडिओ कोणाचा वं? देवानंदनं दाखवला मले. पोरं रांगेत उभी, अन तू म्हणतं, 'कुकरची शिटी होऊ द्या, स्स्स… आता मागून कूल.' म्हणजे 'इस्कूल' नाही, 'स्कूल'. खाली लिव्हलं, 'काजल मॅडमची खास पद्धत'… तुही पद्धत? तू दुसरीत होती तवा समोरचे दोन दात पडले होते तुहे. शिटीसंगं थुका उडे. अन समता आपली तुह्यासमोर तोंड करून बसे, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण…

जुनं काढतो म्हणजे? काढणारच. कोणीतरी काढलं पायजे.

पुण्यात पहिल्या नोकरीवर हसले तुह्यावर, तवा कोणाले फोन केला होता?… बापाले नाही केला. मधल्या सुट्टीत समता डबा तसाच झाकून ठेवे अन व्हरांड्यात उभी राहून फोनवर तुह्याकडून वाक्य म्हणून घे. शिपाई इचारे, बाई कोणाशी भांडता रोज? ते म्हणे, भांडत नाही, माह्या पोरीची नोकरी वाचवून राह्यली…

रडू नको. रडायचं काम नाही तुहं… बरं, मंग माह्याकडून काय पायजे?… मी सांगू? तिले?… 'तुमचं ऐकतील त्या.' हाव, ऐकते माहं. म्हणूनच नाही सांगत…

थांब. हळू. आली ते. रिकामी बादली घेऊन दारात उभी हाय.

समता, काजल हाय फोनवर… हाव, तुहीच काजल… काजल, देतो तिच्यापाशी… काऊन नको? पालकांसमोर बोलता येते तुले, हिच्यासमोर नाही?…

काही नाही वं समता. ते म्हणते… ते म्हणते, आयतवारी तू मराठीत बोल. इंग्रजीत नको.

…हॅलो. हाव, सांगतलं… 'बरं' म्हणे… नाही, रागावली नाही. हसली जराशी. म्हणते, काजलचं बरोबर हाय, बायामाणसं येतीन, त्याहिले मराठीच समजते. पाह्य, तुह्यासाठी कारण बी तिनंच शोधून देल्लं…

झालं ना मनासारखं? ठेवू?… आणखी काय राह्यलं?… आँ?…

मराठी बी शुद्ध?…

'मले-तुले' नको… पुण्याचे सर पाहुणे म्हणून येणार… काजल, हळू बोल. माह्या फोनातला आवाज बाहेर येते… ऐकलं तिनं. बादली खाली ठेवली…

काय म्हणतं समता?… तसं सांगू?… नक्की?…

काजल, ऐक. ते म्हणते, मी बोलतच नाही. शाल घेईन, हात जोडीन अन जाग्यावर जाऊन बसीन… हाव, एवढंच. एक शब्द नाही. नाही, माहं नाही हे, तिचंच म्हणणं हाय…

काय म्हटलं?… 'परफेक्ट'?…

नाही बाई. हे नाही सांगत मी तिले. ठेवतो.