विलायती गाडीचे ब्रेक

स्टंट बघून टाळ्या वाजवू नका रे, मला आजही बघवत नाय. टीव्हीवाल्यांनी एक जुनी विलायती गाडी आमच्या शहापूरच्या अण्णा मिस्त्रीकडे चालू करायला आणली.

डायरेक्टर म्हणाला, "जपून हां काका, देशात अशा दोनच उरल्यात."

पार्ट मिळेनात, तर अण्णाने लेथवर करून घेतले. दोन महिने खपला. शूटिंगला डोळखांबच्या डोंगरात स्वतः गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं.

ॲक्शन म्हणताच हीरोने चालत्या गाडीतून उडी टाकली नि गाडी थेट दरीत! आमी थिजलो. अण्णा धावत डायरेक्टरच्या पाया पडला.

"साहेब, चुकलो! ब्रेक मीच बसवले होते!"

"चूक कसली काका? झकास पडली! आता ती दुसरीपण तुमीच चालू करून द्या."