सात नंबरचं टार्गेट

मटाई व्हॅली रायफल क्लबाचे अध्यक्ष आणि आजच्या संध्याकाळचे यजमान माननीय श्री. गॅव्हिन पॉटल; तसेच ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत आणि ज्यांनी "निरोप कसला, शनिवारी गवत कापायचंय" असं म्हणून दोनदा ही तारीख पुढे ढकलली, ते आपले कॅप्टन श्री. मर्डो गिलीस, व्यासपीठावर, म्हणजे या दोन जोडलेल्या टेबलांमागे, विणकाम घेऊन बसलेल्या आणि आपल्या सगळ्यांचे गुण लिहिणाऱ्या श्रीमती नायरी हिस्लॉप, दरीच्या दोन्ही टोकांकडून आलेले सभासद आणि त्यांच्या घरची मंडळी, आणि मागच्या बाकावर, दाराच्या अगदी जवळ बसलेले आमचे पाच नवे सभासद. सर्वांना माझा नमस्कार.

मला दोन मिनिटं दिली आहेत. पॉटलसाहेबांनी काल फोन करून बजावलं, "ब्रायर, आभार मान, घड्याळ दे, खाली बस." यांतली पहिली दोन कामं मी नक्की करीन. पण मधे मला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगून झाल्यावर मला बसायला खुर्ची उरेल की नाही, याची खात्री देता येत नाही.

कार्यकारिणीने विषय दिला आहे तो असा: कॅप्टन गिलीस यांनी एकतीस वर्षं केलेलं नवागतांचं स्वागत. आता स्वागत हा आपल्या अभिमानाचा विषय. आपल्या फाटकावर ठळक अक्षरांत पाटीच आहे, 'नवागतांचे मनःपूर्वक स्वागत'. ती पूर्वी बाहेरच्या बाजूला होती. मेंढ्या तिला अंग घासू लागल्या म्हणून आतल्या बाजूला घेतली. त्यामुळे आपलं इथे स्वागत होतं, हे नवागताला घरी जाताना कळतं.

मी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमचं घर रस्ता संपतो तिथे आहे, त्यामुळे माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. धडे टपालाने यायचे, शिकवायची आई. वर्ग तिघांचा: मी, माझा भाऊ आणि म्हातारा कुत्रा. त्यात शिस्त फक्त कुत्र्याला होती. आईचा एकच नियम होता. चूक झाली तर ती जेवायला बसायच्या आधी सांगायची. न सांगता जेवलेलं अंगी लागत नाही, असं ती म्हणे. सांगायचा मुद्दा, 'नवीन' म्हणून परक्या माणसांत जायची वेळ माझ्यावर तोवर आलीच नव्हती.

पहिल्या शनिवारी उशीर नको म्हणून मी पाऊण तास आधी पोचले, आणि लवकर आल्याचं कुणाला कळू नये म्हणून पाऊण तास गाडीतच बसले. मग या हॉलमध्ये आले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळे पुन्हा आपापल्या चहाकडे वळले. मी एका रिकाम्या खुर्चीवर बसले.

"ती बर्टची खुर्ची आहे," नायरीबाई म्हणाल्या.

"माफ करा. ते आले की उठते."

"तो कुठला येतोय! नऊ वर्षं झाली त्याला जाऊन."

मी उठले. बसायचं कुठे हे कुणी सांगितलं नाही, म्हणून सगळा चहा उभ्यानेच घेतला. नायरीबाई, हसताय काय, तुम्हीच होतात! यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. आपल्या क्लबात कुणाचाच, कधीच, कुठलाच हेतू नसतो.

मग कॅप्टन आले. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, आत गेले आणि नेमबाजीचा एक चामडी कोट घेऊन आले. त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या.

"घाल."

"कुणाचा आहे?"

"बर्टचा."

बाहेर गवतावर त्यांनी मला रायफल आणि तिच्यात गोळी सरकवायचा दांडा दाखवला. "हा बोल्ट. मी सांगेपर्यंत बाहेर." एवढंच. मी घाबरत विचारलं, "आणि वाऱ्याचं काय करायचं?" ते बराच वेळ निशाणाकडे, म्हणजे तिथे फडफडणाऱ्या झेंड्याकडे, पाहत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी सखोल ऐकायला मिळणार.

"बघायचं," ते म्हणाले.

झालं. हे माझं स्वागत. एकतीस वर्षांत त्यांनी सुमारे साठ माणसांचं असं स्वागत केलं. त्यांतली टिकलेली आज इथे आहेत, आणि आपण सगळे या चार बाकांवर मावलो आहोत.

एक मात्र होतं. मी पालथी पडून नेम धरू लागले की कॅप्टन माझ्या शेजारच्या टार्गेटसमोर येऊन पडायचे. दर शनिवारी. मी आठ नंबरला असले तर ते सातला, मी तीनला असले तर ते दोनला. मी मनाशी म्हणायचे, यांचा माझ्यावर विश्वास नाही. तुरुंगाच्या पहारेकऱ्यासारखे येऊन पडतात.

आता त्या दिवसाकडे येते. पॉटलसाहेब, घड्याळाकडे बघू नका. ते कॅप्टनना द्यायचं आहे.

चार वर्षांपूर्वीचा दरीच्या चषकाचा दिवस. नऊशे यार्ड. वायव्येचा वारा डोंगरावरून असा उतरत होता की झेंड्यालाच कळेना कुणीकडे फडकावं. मला येऊन तीन महिने झाले होते. मी आठ नंबरला, कॅप्टन सातला. दोघांचीही शेवटची गोळी उरलेली. नायरीबाई माझ्या मागे बसून माझे गुण लिहीत होत्या. मी वाऱ्याकडे बघितलं. मला तेवढंच शिकवलेलं होतं, म्हणून मनापासून बघितलं. इतकं बघितलं की डोळा परत नेमावर आणला तेव्हा समोर कितवा आकडा आहे हे बघायचं राहूनच गेलं. मी चाप ओढला.

नवीन मंडळींसाठी सांगते. टार्गेटच्या खाली खंदक असतो. तिथे बसलेली माणसं गोळी लागली की टार्गेट खाली ओढतात आणि भोकावर चकती लावून पुन्हा वर करतात. माझं आठ नंबरचं टार्गेट जागचं हललं नाही. सात नंबरचं खाली गेलं. कॅप्टननीही त्याच क्षणी गोळी झाडली होती. सात वर आलं तेव्हा त्यावर दोन चकत्या होत्या. एक डाव्या कडेला, तीन गुणांची. दुसरी बरोबर मधोमध, पाच गुणांची.

चाप सुटतानाच मला कळलं होतं, मधली माझी. आयुष्यातला माझा पहिला मधोमध लागलेला नेम. टार्गेट तेवढं दुसऱ्याचं होतं.

अशा वेळी नियम काय, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. एका टार्गेटवर दोन भोकं आली तर टार्गेट ज्याचं त्याला वरचा गुण मिळतो. आणि ज्याची गोळी भरकटली त्याने तिथल्या तिथे हात वर करून 'माझी' म्हणायचं.

"तुझी कुठं गेली गं?" नायरीबाईंनी विचारलं.

माझा हात बर्टच्या कोटाच्या बाहीत होता. तो वर झाला नाही. "चुकली वाटतं," मी म्हणाले. "डोंगरात गेली असेल."

"डोंगर मोठा आहे. लागली असेल कुठेतरी," असं म्हणून तुम्ही शून्य लिहिलंत.

तेवढ्यात मागे आरडाओरडा झाला. "मर्डोला पाच! एका गुणाने पुढे! अरे, जिंकला म्हातारा एकदाचा!" कुणीतरी कॅप्टनच्या पाठीवर थाप मारली. त्या वेळी ते सत्तावीस वर्षं कॅप्टन होते आणि चषक त्यांना एकदाही मिळाला नव्हता. ते गुडघ्यांवर बसून आपली रिकामी काडतुसं गोळा करत होते. वर बघितलंही नाही. मी बक्षीस समारंभाला थांबले नाही. धावत गाडीत बसले ती थेट घरी.

आईने विचारलं, "कसं झालं?"

"एकदा शून्य मिळालं," मी म्हणाले. आणि जेवायला बसले. शब्द न् शब्द खरा ठेवून खोटं बोलता येतं, हे मला घरच्या शाळेत शिकवलं नव्हतं. ते मी माझं मी शिकले.

खरं म्हणजे मी पुन्हा येणारच नव्हते. पण गडबडीत बर्टचा कोट अंगावरच राहिला होता, आणि तो परत करणं भाग होतं. पुढच्या हंगामात तो घडी करून घेऊन आले. सगळं कबूल करायचं म्हणून येताना वाटभर वाक्यं म्हणत आले. कॅप्टननी कोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू दे. थंडी आहे." माझी वाक्यं तिथेच राहिली. चषकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, केवढा हा विनय! आणि त्या विनयाच्या ओझ्याखाली मी चार वर्षं जेवते आहे.

विजेत्यांच्या नावांचा फळा इथे माझ्या डोक्यावर आहे, चहाच्या भांड्याच्या बरोबर वर. सोनेरी अक्षरांत. चार वर्षांत मी त्याच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलेलं नाही. चहा घेताना मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. तुमच्यातल्या काहींचा समज आहे की मला खिडकीतून मेंढ्या बघायला आवडतात. मला मेंढ्या आवडत नाहीत. आमच्या घरी चार हजार आहेत.

तर कॅप्टन, ते पाच माझे होते. तुमचे तीन. मी हात वर केला नाही. परवा तुम्ही बोटीने उत्तरेला लेकीकडे कायमचे जाणार, आणि हे पोटात ठेवून तुमच्या हातात घड्याळ देणं मला जमेना. त्या फळ्यावर तुमचं नाव एकदाच आलं, तेही माझ्यामुळे खोटं ठरतंय, याची मला फार लाज वाटते. कार्यकारिणीला काय ठरवायचं ते ठरवू दे. फक्त मी यायचं नसेल तर आजच सांगा, म्हणजे शनिवारी पाऊण तास आधी येऊन गाडीत बसणार नाही.

कोण हसलं?

थांबा. कॅप्टन काहीतरी म्हणताहेत. मागे ऐकू गेलं नसेल, मी सांगते. ते म्हणाले, "झालं तुझं? मग आता वर बघ."

बघते.

त्या वर्षाची ओळ... 'जी. पॉटल'.

त्याच्या वरची ओळ कॅप्टनची नाही. खालचीही नाही. मर्डो गिलीस हे नाव या फळ्यावर कुठेच नाही.

अध्यक्ष महाराज, हे काय आहे? जरा मोठ्याने बोलाल का? साहेब म्हणताहेत, "अगं, तू गेलीस आणि हा माझ्याकडे आला. म्हणाला, माझे तीन लिही. मी म्हटलं, नियमाने पाच तुझेच. तर म्हणतो, माझी डावीकडे गेली, ते नियमाला कुठे दिसतं, मला दिसलं ना! मग मी पुढे गेलो. मीही घेतला चषक. का नाही घ्यायचा?"

आणि गोळी माझी, हे माहीत होतं सगळ्यांना? साहेब म्हणताहेत, "न कळायला काय झालं? मेलेल्या बर्टचा कोट पळत गाडीकडे गेला, तो अख्ख्या क्लबाने पाहिला!"

मग चार वर्षांत मला कुणी बोललं का नाही?

"तू विचारलं नाहीस," म्हणताहेत साहेब.

मंडळी, हा आपला क्लब. फाटकावरची पाटी याच लोकांनी आतून लावली, यात नवल ते काय?

आता नायरीबाई सुया खाली ठेवून काहीतरी सांगताहेत. हेही मोठ्याने सांगते, कारण हे नव्या मंडळींनी ऐकायला हवं. त्या विचारतात, "तो तुझ्या शेजारी का पडायचा, ते तरी कळलंय का तुला?" मी म्हटलं, माझ्यावर पहारा ठेवायला. त्या म्हणतात, "वेडी की काय! नव्या माणसाची गोळी भरकटली की शेजारच्या टार्गेटवर जाते. तिथे दुसरा कुणी असला तर त्याचं टार्गेट खाली-वर होण्यात वेळ जातो, तेवढ्यात वारा फिरतो, त्याचा दिवस वाया, आणि मग तो नव्यावर डाफरतो. म्हणून हा बाबा शेजारी पडतो. एकतीस वर्षं पडतोय. फळ्यावर नाव कुठून येणार?"

कॅप्टन म्हणाले, "नायरी, चहा गार होतोय."

मला पुढचं भाषण आता वाचता येत नाही. लिहून आणलेल्या कागदावर पुढे क्षमायाचना आहे, तीही चुकीच्या गुन्ह्याची. ज्या माणसाला मी पहारेकरी समजत होते, तो माझ्या आणि सगळ्या क्लबाच्या मधे आडवा पडला होता, आणि हे त्याने मला एका शब्दाने कळू दिलं नाही. कॅप्टन, तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर माझी चार वर्षांची जेवणं अंगी लागली असती! याबद्दल मी तुम्हाला माफ करायला तयार आहे. हे घ्या घड्याळ. ते दिवसाला दोन मिनिटं पुढे जातं, हे पॉटलसाहेब तुम्हाला सांगणार नाहीत, कारण तुम्ही विचारणार नाही. म्हणून मी सांगितलं.

आणि दाराजवळच्या पाच जणांनो, शनिवारी दहा वाजता या. लवकर आलात तर गाडीत बसू नका. मीही तिथेच असेन, काच वाजवा. बोल्ट बाहेर ठेवायचा. वाऱ्याकडे बघायचं, पण बघून झालं की आकडा वाचायचा. गोळी शेजारी गेली तर हात वर करायचा, आणि नंतर पोटभर जेवायचं. तुम्ही आळीपाळीने आठ नंबरला पडा. सात नंबर माझं.

पॉटलसाहेबांनी वेळ दिला, नायरीबाईंनी शून्य दिलं, केक आणि अंड्याचे सँडविच करणाऱ्यांनी हात राखला नाही, या सगळ्यांची मी ऋणी आहे. दोन मिनिटांचं भाषण भरकटून कुठल्या कुठे गेलं. त्यातला एखादा शब्द भलत्याच माणसाला लागला असेल, तर तो माझाच. हा पाहा, हात वर केला आहे. सांभाळून घ्या.

आता बसते. हो नायरीबाई, बर्टच्याच खुर्चीत.