तीनदा मिटलेला तंटा

समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य रविकांत सर, व्यासपीठावरील संस्थेचे विश्वस्त आदरणीय आप्पासाहेब, आजच्या सत्कारमूर्ती प्राध्यापिका अंबिका मॅडम, सहकारी बंधुभगिनींनो, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि तिसऱ्या रांगेत भिंतीकडेला बसलेल्या आमच्या दोन पाहुण्या,

निरोपाच्या भाषणात गोड बोलायचं असतं. मॅडमनी एकतीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं, त्यांचा स्वभाव प्रेमळ, आणि त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तर अख्ख्या स्टाफरूमच्या मालकीची. हे सगळं खरंच आहे. पण मला जे सांगायचंय ते चार वर्षं घशात अडकलंय. आज मॅडमच्या देखत नाही सांगितलं, तर पुन्हा धीर व्हायचा नाही. आप्पासाहेब, पाच मिनिटं जास्त घेईन, सांभाळून घ्या.

मी संख्याशास्त्राचा मास्तर. गुन्हे किती, तक्रारी किती, निकाल किती, हे मोजणारा. मॅडम विचारणार, गुन्हा घडला तेव्हा घरात कोण होतं, आणि नंतर त्या बाईशी कोण बोललं? माझ्या पद्धतीला संख्यात्मक संशोधन म्हणतात, त्यांच्या पद्धतीला गुणात्मक. मी चेष्टेनं म्हणायचो, "मॅडम, तुमचं संशोधन म्हणजे गप्पा!" त्या हसायच्या. आज मला हसू येत नाही.

चार वर्षांपूर्वी आपल्या कॉलेजनं जिल्ह्यातल्या चाळीस गावांची पाहणी केली. त्यात पूर्वेकडचं एक गाव होतं. नाव घेत नाही. पोलीस ठाण्याच्या नोंदीत पाच वर्षांत एकही तक्रार नाही. आमच्या फॉर्मवरही 'घरात मारहाण झाली का?' या प्रश्नापुढे सगळीकडे 'नाही'. मी खूश! अहवालात लिहिलं, 'चाळीस गावांत सर्वांत सुरक्षित गाव.'

आता फॉर्म भरले कसे, तेही ऐका. आम्हाला घरोघर फिरवायला तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष स्वतः सोबत. केवढा मान वाटला! ओसरीवर सतरंजी, चहा. उत्तरं सासूबाई देणार, सून दाराआडून मान हलवणार. मी ती मान मोजली.

मॅडम मात्र त्या गावात एकट्या परत गेल्या. कांद्याची लागवड चालली होती. बायकांबरोबर वाफ्यात बसल्या. त्यांनी लावलेली रोपं बायकांना पुन्हा लावावी लागली, ती गोष्ट वेगळी. पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या ओळीतली सव्वीस वर्षांची ज्योती आपणहून बोलली. "आमच्या गावात तंटा ऱ्हातच न्हाई, मॅडम. समितीत गेला की मिटतो. माझा तीनदा मिटला."

मिटला म्हणजे काय? तर नवऱ्यानं मारलं की समिती बसायची. 'गावाचं नाव जाईल' म्हणून तिची समजूत घालायची, 'माझी तक्रार नाही' असं लिहून घ्यायची, नारळ फोडून पेढे वाटायची. तिसऱ्या वेळी पेढे वाटले, तोवर ज्योतीचा डावा कान गेला होता.

मॅडमनी हे वहीत उतरवून माझ्यापुढे ठेवलं. अहवालाचा प्रमुख मी. मी म्हणालो, "मॅडम, एका बाईवरून निष्कर्ष निघत नाही."

त्या म्हणाल्या, "मी निष्कर्ष काढतच नाहीये, सुहास सर. तुमचं शून्य कसं तयार झालं, एवढंच विचारतेय."

केवढा साधा प्रश्न! मी तो परिशिष्टात टाकला. छपाईच्या वेळी पानं वाढतात म्हणून परिशिष्टही काढलं. कुणी दबाव आणला नव्हता, मित्रहो. मला माझा तक्ता नीटनेटका हवा होता.

पुढं गावानं माझं वाक्य वेशीवरच्या फलकावर रंगवलं. चौथ्यांदा मार बसला तेव्हा ज्योती आईला, राहीबाईंना, घेऊन थेट पोलिसांत गेली. मागोमाग समितीची माणसं आमचा अहवाल घेऊन हजर. 'कॉलेजनं छापलंय, आमच्या गावात असलं होत नाही.' पोलिसांनी तिला समजावून परत पाठवलं. म्हणजे चौथ्यांदा तंटा मिटवला तो मी.

आता तिनं नवऱ्याविरुद्ध कोर्टात दावा लावलाय. समोरच्या वकिलांनी पुरावा म्हणून काय जोडलंय? माझा अहवाल, पान बावन्न.

मागच्या महिन्यात मी मॅडमकडे गेलो, वही मागितली. त्या म्हणाल्या, "वही माझी नाही, तिला विचारा." मी गेलो. ओसरीवर नाही, राहीबाईंच्या शेतावर. माफी मागितली. ज्योतीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वही घ्या, सर. माझं नावबी घ्या. झाकून लई झालं."

म्हणून आज तिच्या परवानगीनं नाव घेतलंय. त्या दोघी मॅडमना साडी-चोळी घेऊन आल्यात. ज्योतीताई डावा कान भिंतीकडे करून बसल्यात, उजवा माझ्याकडे. मी आज जरा मोठ्यानं बोलतोय, ते माईक बिघडलाय म्हणून नव्हे.

मॅडम, तुम्हाला निरोप देताना भेट म्हणून माझ्याकडे शाल नाही. येत्या सोमवारी मी कोर्टात साक्षीला उभा राहतोय, माझ्याच अहवालाविरुद्ध. त्यानं दावा जिंकता येईल का, मला माहीत नाही. गेलेला कान तर येणारच नाही. तुमची वही सोबत नेतोय, ती सांभाळून परत आणीन.

प्राचार्यांचे, संस्थेचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. पान बावन्नवरची चूक मात्र कुणी पदरात घेऊ नका. ज्योतीताई, तुम्ही तर नाहीच.