शरूच्या कादंबरीतला रघुनाथ

...आणि वर मलाच विचारते हो, "वासू, शेवट कसा वाटला?" कसा वाटला! गळा कापून झाल्यावर सुरीला धार होती का, असं विचारतं का कुणी? दगा आहे हा, तुम्हाला सांगतो, शुद्ध दगा!

नाही, तुम्हीच बघा. ही शरदिनी, आमच्या काशीच्या दुर्गाघाटावरची शरू, चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन नागपूरला गेली ती यंदा जानेवारीत उगवली. नवरा वारून सहा वर्षं झालेली, केस पांढरे, हातात वही. माझीही बायको जाऊन आठ वर्षं झाली, रेल्वेतून रिटायर होऊन तीन. म्हणते, "वासू, ऐतिहासिक कादंबरी लिहितेय. पेशवाईतली काशी, आणि उतारवयात दुसऱ्यांदा समोर आलेलं प्रेम. मदत करशील?" आता सांगा, माणूस काय समजेल? दुसऱ्यांदा आलेलं प्रेम, आणि तेही थेट ब्रह्माघाटावर, माझ्या दारात!

केली हो मदत... तीन महिने! बालाजी घाटाच्या पायऱ्या मोजून दिल्या, जुनी कागदपत्रं हुडकली, गुडघे बोंबलत असताना गल्ल्या पालथ्या घातल्या. नाववाला रोज हसायचा, "का बाबूजी, किताब लिखात हौ कि बियाह होत हौ?" मी आपला, "चुप रह भाई!"... पण लग्नाचं नाव निघालं की आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? तिचा नायक रघुनाथ, त्याचे दात पांढरेशुभ्र, असं तिनं वाचून दाखवलं त्या दिवसापासून मी पान बंद केलं. बनारसमध्ये राहून पान बंद! आमची सून नीरजा घाबरून म्हणाली, "बाबा, तबियत ठीक आहे ना?"

आणि मग एकदा नावेत बसल्या बसल्या मी मनातलं बोलून गेलो. तिच्या लग्नाआधी एक दिवस शरू घाटावर माझी वाट बघत होती, मी तिच्याशी लग्न करतो की नाही ते ऐकायला... आणि मी गेलो नाही. आई दारात आडवी उभी! "पण शरू, मी एका पायात चप्पल घातली होती गं!" दुसरी घालायची हिंमत झाली नाही, एवढंच. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं हो. मला वाटलं, शरू पाघळली. कसली पाघळते! आठवड्यानं प्रकरण सातवं: रघुनाथ उंबऱ्यात उभा, एका पायात वहाण! आता हा दगा नाही तर काय?

तरी म्हटलं, जाऊ दे, शेवट गोड होईल. काल सकाळी शेवटचं प्रकरण. मी इस्त्रीचा कुर्ता घालून, काय विचारायचं ते तोंडपाठ करून गेलो! ती वाचायला लागली... म्हातारा रघुनाथ नायिकेला म्हणतो, आता तरी माझी हो. आणि ती बया नावेत बसून चालती होते! एकटी!

"अगं, पण दुसरी संधी?" मी ओरडलोच.

"मिळाली की तिला. मिळाली म्हणून घ्यायलाच हवी का? शिवाय काशीला आलं की आवडती एक गोष्ट कायमची सोडायची असते. तिनं रघुनाथ सोडला."

तुम्हाला सांगतो, डोळ्यात टचकन पाणी आलं माझ्या. म्हटलं, "म्हणजे शरू, तुझ्या सगळ्यात आवडीचा... मीच?"

तर वही मिटत, अगदी शांतपणे, "अरे, जन्म गेला तुझा इथे. काशीत येऊन आंबा सोडलेला माणूस पाहिलायस कधी? सगळे दुधी सोडून जातात."

दुधी! ...खरंच तर आहे. परवा तिची नागपूरची गाडी. स्टेशनचा जिना केवढा उंच, त्यात बॅगेत ती जाडजूड कादंबरी... उचलायला दुधीच जाणार आहे हो, दुसरं कोण?