सवय लागेल म्हणून

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर हॉकीच्या कपड्यांतली एक मुलगी आणि तिची आई बसल्या होत्या.

"डॉक्टरांना खरं सांगणार आहे मी. दम्याचा पंप खेळायच्या आधी घ्यायचा होता, आपण दम लागल्यावर घेत होतो."

"अगं, सवय लागते त्याची."

"सवय दम लागायचीच लागलीय. काल सेमीफायनल अर्धी सोडून बाहेर बसले."

"हवा किती गार होती काल! तोंडाला रुमाल बांध म्हटलं होतं ना?"

"बांधला होता. सरांनी काढायला लावला. म्हणे, दरोडा घालायला आलीस का?"

"त्यांच्या जिभेला काही हाड?"

"उद्यापासून पाव तास आधी पंप घेणार, रुमालही बांधणार. बोलू देत त्यांना."

"घे बाई. पण चारचौघांत नको ओढूस."

"आई, तू का गं सोडलंस पळणं? कपाटात एवढे कप आहेत तुझे."

"असंच. थंडी पडली की पळताना छाती आवळून यायची, मग खोकला. तुझे आजोबा म्हणायचे, नाटकं करते."

"थंडीत? पळताना?"

"अशी काय बघतेस?"

"थांब, तुझ्या नावाचाही केसपेपर काढून आणते."

"वेडी आहेस का? मी आता कुठे पळायला जातेय?"

"मग रोज जिन्यात मधेच थांबून पिशवीत किल्ली कशाला शोधतेस? आपलं दार तर अजून वर असतं."