कानाचं सामान

हॅलो? … हॅलो, सालेहा? अगं मी पंचशीला… हाव, तहसील ऑफिसातूनच, मोबाइलवरून. तू नांदेडलाच हायस ना? … मग तुझ्या कम्प्युटर क्लासच्या पोरींना म्हणाव, बसा जरा. पाचच्या आत मला तुझी विद्या पाहिजे.

अगं आला ना कम्प्युटर! सोमवारीच आला. नवा जिल्हा होणार म्हणून म्हणे… हाव, तोच, दर दिवाळीला होतो तो. जिल्हा येईल तवा येईल, सामान आधी आलंय. त्यात तू सांगितलेला तो वाचणाराबी हाय… हां, स्क्रीन रीडर. मराठी बोलतो. … कसा? स्टँडवर गाडी सुटताना गावांची नावं घेतात, तसा. मधी दम घेतच न्हाई.

हसू नको, ऐक ना. साहेब मीटिंगला जाताना सांगून गेलेत, टँकरची यादी पाचपर्यंत एकटीनं तपासून लातूरला मेल केलीस, तर कम्प्युटर तुझा. न्हाईतर ज्ञानोबा नाझरच्या टेबलावर. … ते गं, सामानाच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं असती ते. … मी? मी परत टेलिफोनवर. … अगं चालू कुठला! दोन वर्षं झाली वायर तुटून. दहाला येते, मेलेल्या फोनशेजारी बसते, पाचला जाते. हजेरी मात्र पक्की.

… येतं की, तेवढं येतं. बाणाचं बटण दाबून यादीतलं एकेक घर, म्हंजे चौकोन, वाचते. इन्सर्टचं बटण सापडंना, म्हणून त्याच्यावर टिकली चिकटवली. … अडचण ती न्हाई. अडचण हेडफोनची. … आलाय गं! कुलपात हाय.

अगं, ज्ञानोबांनी रजिस्टर उघडलं. म्हणाले, हे कानाचं सामान. कानाचं सामान बहिऱ्यांच्या पानावर चढतं, तुझी नोंद अंधांच्या. या पानाचं त्या पानावर द्यायला वरून मंजुरी लागती. … म्हणले ना! म्हणलं, भाऊ, मी कानानंच वाचते. तर म्हणाले, तसं लेखी कुठं हाय?

… मग ऐकते कशावर? भोंग्यावर. … भोंगा गं, पंधरा ऑगस्टचा! त्याचं मशीन माझ्या टेबलाखाली कम्प्युटरला जोडलंय, भोंगा व्हरांड्यात. आंधळ्या बाईला ऐकू जावं म्हणून आवाजबी ज्ञानोबांनीच पुरा वाढवला. … हाव, तीच खोड. माझ्याशी बोलतानाबी ओरडतातच की.

अन् व्हरांड्यात कोण? निंबाळवाडीच्या बायका. सकाळपासून घागरी घेऊन. … रिकाम्याच. भरलेली घागर घेऊन सरकारी दारात कोण येतंय?

आता काय झालं ते ऐक. यादी उघडली. भोंगा म्हणाला, गाव निंबाळवाडी, टँकरच्या खेपा चार, पोचल्या चार. बाहेर सरजाबाई म्हणून एक म्हातारी हाय, ती उठली. म्हणती, "कवा?" … हाव, भोंग्यालाच! तो कशाला थांबतोय? पुढचं घर वाचलं, "टँकर रिकामा केला, व्यंकटराव यांचा फंक्शन हॉल, बांधकाम." … टँकरचा ठेकेदारच तो, यादीबी तोच भरून देतो. … मग काय? एकेक घागर वाजायला लागली.

ज्ञानोबा पळत आले. म्हणायलेत, पडद्यावर असं काही न्हाईच, ते घर कोरं हाय, तुझं मशीन बिघडलं. मी शिपायाला पाहायला लावलं, त्यालाबी कोरंच दिसलं. … मला सांग सालेहा, हे मनचं वाचतं का गं? लग्नात आहेराची नावं पुकारणारा मनचं घालतो, तसं? … न्हाई? पक्कं? … मग कोऱ्या घरात एवढा मोठा फंक्शन हॉल आला कुठून?

… काय? रंग? … कम्प्युटरला रंग विचारायचा? … इन्सर्ट धरून एफ. थांब, फोन खांद्यात धरते… टिकली… हां. एफला खाली उंचवटा असतो ना… हा सापडला. दाबलं बघ.

ऐकलंस? तुलाबी ऐकू आलं ना? "अक्षरांचा रंग पांढरा, मागचा रंग पांढरा." अगं बाई! मिटवलं न्हाई, नुसतं रंगवलं! … मिटवलं तर कोणती खेप कुठं ओतली ते व्यंकटरावाला कसं कळावं? साहेबाच्या डोळ्याला दिसू नये, एवढीच काळजी. यादी तपासायला माझ्याकडं येणार, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

एक मिनिट हं, धर… काय ज्ञानोबाभाऊ? … हळू बोला, मला ऐकू येतं. … खोडू? खोडायचं अजून शिकले न्हाई. वाचायचं तेवढं शिकले. … नवा जिल्हा झाल्यावर यादी तिकडं पाठवू म्हणता? अन् तोवर या बायकांनी काय जिल्हा प्यायचा?

हॅलो… हाव, हाय. खोड म्हणायलेत. तेवढा रकाना खोडलास तर कम्प्युटर तुझाच, साहेबांना मी सांगतो म्हणायलेत. … भीती वाटती की! लई वाटती. साहेब कुणाच्या बाजूचे, मला काय ठाऊक? हाय तशी पाठवली अन् ते उलटले, तर मी अन् तो मेला फोन, दोघं रिटायर होईपर्यंत. … तू बोल ना काहीतरी.

… कोण ते? सरजाबाई हाय, खिडकीशी आलीय. म्हणती, "बाई, त्याला आमच्या गावाचं पुन्हा एकदा वाच म्हण." … हाव, 'त्याला' म्हणायलीय. … खरंय गं. या ऑफिसानं त्यांना आजवर काही वाचून दाखवलेलंच न्हाई.

सांग, मेलला यादी जोडायची कशी? … झालं. … पत्ता लिहिला. … कंट्रोल धरून एन्टर. … पावणेपाच झालेत. थांब, थांब थांब. अगं, कपाटाचं कुलूप वाजलं!

… हेडफोन! ज्ञानोबांनी हातात आणून ठेवला गं माझ्या, पिशवीसकट. … मंजुरी? आत्ता आली म्हणे. तोंडी.

… न्हाई, घातला न्हाई. ह्याची वायर खोचली की भोंगा बंद, बायकांना कळलंय ते. "नको घालू गं बाई" करून ओरडायल्यात. … हाव. माझ्याबी तेच मनात हाय.

ज्ञानोबाभाऊ, इकडं या. हात पुढं करा… हे धरा. रजिस्टरात तुम्ही बरोबरच चढवलंय. या बायका चार महिने दारात ओरडायल्यात. ज्याला ऐकू गेलं न्हाई, त्याच्याच नावावर राहू द्या.

सालेहा, कंट्रोल धरलंय हं. … एन्टर.

… ऐकलंस? "संदेश पाठवला." भोंग्यावर, गावभर! … घागरी वाजायल्यात गं… हाव, एकटीनंच केलं म्हणून सांगते. … रडत न्हाई. न्हाई म्हणलं ना.

चल, ठेवते. साहेब यायला दहा मिनिटं हायत, अन् सरजाबाई म्हणती, राहिलेल्या अकरा गावांचंबी वाच.