आईच्या ओट्याचा दगड

नाय नाय मॅडम, पांढरा नको — तुमी ऐका माझं, पांढरा फक्त मोबाईलच्या फोटोत चांगला. फोटोतल्या बाईला काय, तिला कुठं फोडणी द्यायचीय! तुमी कर्जतच्या ना? मग घरी हळद खाता का नाय? खाता. कोकम? तेपण खाता. झालं तर! हा बघा पांढऱ्या मार्बलचा तुकडा, हे लिंबू — हसू नका, आमच्या दुकानात लिंबू असतंच, चहात पिळायला नाय, दगडावर पिळायला! पिळलं. आता पाच मिनिटं थांबायचं — मला नाय थांबवत, पुसतो. दिसलं? वाकून बघा, उजेडात — तेवढ्या जागेची चमक गेली. आता राखेनं घासा, साबणानं घासा, नाय यायची ती परत. मग घरी पाव्हणे आले की तुमी त्या डागावर ताट ठेवून उभ्या! जन्मभर तेच काम!

बसा — नाय, बसू नका, उभ्या राहा, सरळ. चप्पल काढा. अहो, स्वयंपाक काय चपला घालून करता? — करता? बरं बरं, मग राहू दे. आता कोपर वाकवा, पोळी लाटताना असतं तसं. कोपराखाली चार बोटं — माझी नाय, तुमची बोटं — तिथं ओटा आला पायजे. ही दादाची पद्धत, नवनाथदादाची, माझा मोठा भाऊ. बाकीचे मिस्त्री सगळ्या बायांना एकच उंची मारतात, उंच बाई वाकून मरते, बुटकी खांदे वर करकरून मरते. दादा बोलायचा, पोशा, दगड नंतर बघ, आधी बाई बघ — अहो तसं नाय! कोपर, कोपर बघ! तुमी पण ना मॅडम. किती भरलं? चौतीस इंच. लिहा तुमीच, माझं अक्षर मलाच लागत नाय. मी सातवीत शाळा सोडली, म्हणजे शाळेनं मला सोडलं, दोघं पण खूश.

मग काळा घ्या. पण काळा म्हटला की झाला काळा, असं नाय हां, काही लोक करड्या दगडाला रंग पाजतात. पर्समध्ये नखांचं पॉलिश काढायचं पाणी हाय का? हाय! बायांच्या पर्समध्ये सगळं असतं. हा कापूस, घासा तुमीच, जोरात — बघा, कापूस पांढरा तो पांढराच. म्हणजे माल खरा. आता ह्याला सांभाळायचं काय? काय नाय! भांड्याचा साबण, पाणी, मऊ फडकं. तेल सांडलं तर लगेच पुसायचं, उद्यावर नाय ठेवायचं. संडास धुवायचं ॲसिड लांब ठेवा, लोधिवलीत एका काकूनं ते ओट्याला लावलं आणि वर आमालाच फोन, तुमचा दगड आजारी पडला! आणि वर्षातून एकदा पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब उभा राहिला तर ठीक, आत मुरायला लागला तर वरून सीलरचा, पाणी आत शिरू न देणाऱ्या औषधाचा, हात मारायचा, आमी येऊन मारतो, दादा येतो — म्हणजे मी येतो. मीच येतो आता.

कुठला? तो मागचा, लोखंडी घोडीला टेकवलेला? तो नाय.

अहो चांगला हाय म्हणून तर नाय! त्याच्यात बघा निळा ठिपका, मोराच्या मानेसारखा, उन्हात धरला की — नाय पण, तो आमच्या आईचा. त्याच्यावर खडूनं लिवलंय बघा, लांबूनच बघा, 'आई ३०' आणि त्याच्याखाली, 'पोशा, हात लावू नको'. हसा हसा, सगळेच हसतात. मी घाईत दोन दगड वाकडे कापले होते म्हणून लिवलं दादानं. वही नव्हती त्याच्याकडं, सगळी मापं दगडावरच. घरी आईला असंच उभं केलं होतं, कोपर वाकवून, आणि ती आमची सोनुबाई हसून हसून खाली बसली, बोलते, अरे मला नवरीसारखं काय मापतोस! जन्मभर खाली बसून रांधलंय तिनं, आता गुडघे उठू देत नाय, शेगडीपासून उठायला भिंत धरते. दादानं विटांचं बांधकाम करून ठेवलं, फक्त वर दगड राहिला. मंगळवारी लिवलं हे. बुधवारी ताप आला. शनिवारी — शनिवारी नव्हताच तो. बावीस दिवस झाले. तेव्हापासून मी हा असा बडबडतोय, पदू बोलतो तुझ्या तोंडाचं बटण बिघडलं. तो बघा पदू, आमचा कापणारा, तिकडं बिडी लपवतोय!

रोज विचारतो मला, पोशा, कापू का? आणि मी रोज बोलतो, उद्या. कापायला काय, अर्ध्या तासाचं काम. पण मशीनला पाणी सोडावं लागतं मॅडम, सुक्या दगडावर पातं जळतं. आणि पाणी सोडलं की खडू जातो. मग उद्या. आई विचारत नाय काय. त्या विटांवर तिनं धुणं वाळत घातलंय.

जाऊ दे, तुमी त्या दगडाचाच भाऊ घ्या, हा इकडचा — काय? चरा? कुठं चरा? त्या आईच्या दगडाला? वरच्या कोपऱ्यात? हॅट्! दादानं पन्नासातून निवडलाय तो, बोटानं टिचक्या मारून मारून, आवाज ऐकून — त्याला चरा असेल? धूळ हाय ती! थांबा, दाखवतोच तुमाला, हे ओलं फडकं, हा मारला हात — बघा! एक रेघ नाय! इथून इथपर्यंत, आरसा! तोंड बघा तुमचं, दिसतंय का नाय? अशी पॉलिश हाय, ह्याच्यावर काय म्हणजे काय राहत —

...

मॅडम, ते तिथं लिवलं होतं ना.

तुमी पण वाचलं ना आत्ता. 'आई' होतं. खाली माझं नाव होतं. वाचून हसलात पण तुमी.

नाय नाय, तुमचं काय चुकलं? तुमी चरा बोललात, नव्हताच चरा. माझाच हात. त्यानं लिवलंच होतं, हात लावू नको म्हणून.

फडक्यात बघून काय उपयोग. पांढरं पाणी हाय नुसतं.

तीस. तीस इंच उंची, आणि त्या विटांची लांबी-रुंदी, पाठ हाय मला सगळं, ते कुठं जातंय. आज घरी नेला तर आई संध्याकाळची भाकरी उभी राहून थापेल.

पदू! ए पदू, टाक ती बिडी. मशीन लाव. हो, आईचाच — आणि पाणी सोड रं, भरपूर सोड.

तुमी या आता मॅडम. तुमचं चौतीसचं लिवलंय, उद्या बघू. जा, लांब व्हा, अंगावर उडतं — मशीन सुरू झाली की मला काय ऐकू येत नाय.